उच्च दर्जाच्या इन-इअर मॉनिटरच्या आवाजाची तुलना कशी करावी: नवख्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शक

कानात घालायच्या मॉनिटरच्या किमती आता लाख-दीड लाख रुपयांपर्यंत आणि त्याही पुढे गेल्या आहेत, पण एवढी रक्कम मोजणारा माणूस पुष्कळदा दुकानात दहा मिनिटे ऐकून किंवा दुसऱ्याने वापरलेली विशेषणे वाचून निर्णय घेतो. पहिल्या ऐकण्यात दोन मॉनिटरमध्ये जे फरक जाणवतात, त्यांतले बरेचसे मुळात मॉनिटरचे नसतातच, असे मला अनेक वर्षांच्या ऐकण्यातून ठामपणे वाटू लागले आहे. टिप (मॉनिटरच्या तोंडावरची मऊ टोपी) कानात नीट न बसणे, आवाजाची पातळी सारखी नसणे आणि ज्या उपकरणातून ऐकतो त्याचा मॉनिटरशी मेळ नसणे, ही त्यांची खरी कारणे असतात. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम असा ठेवला आहे, की हे परके फरक एकेक करून बाजूला काढावेत आणि जे शिल्लक राहील त्यालाच मॉनिटरचा आवाज म्हणावे.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी. मॉनिटर हा शब्द रंगमंचावरून आला. गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पुढ्यात जे स्पीकर ठेवले जात, त्यांची जागा कानात बसणाऱ्या उपकरणांनी घेतली. अमेरिकेतील ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचे ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी असे मॉनिटर बनवले आणि त्यातून १९९५ मध्ये अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याआधी १९९१ मध्ये एटिमॉटिक कंपनीचा ईआर-४ हा इअरफोन आला होता. त्यात प्रत्येक कानासाठी बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा फक्त एक ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, होता (त्याची रचना पुढे सांगतो) आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही आदराने ऐकल्या जातात. ड्रायव्हरची संख्या म्हणजे गुणवत्तेची मोजपट्टी, असा नवख्यांचा समज असतो. तो सोडून देण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

या लेखात उदाहरणादाखल दोन परिचित मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवू. पहिला सेनहायझर कंपनीचा आयई ९००, ज्यात प्रत्येक कानाला ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, म्हणजे लहानशा स्पीकरसारखा पडदा आणि त्याला हलवणारे तारेचे वेटोळे. दुसरा ‘६४ ऑडिओ’ या कंपनीचा यू१२टी, ज्यात प्रत्येक कानाला बारा बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. आर्मेचर ही रचना श्रवणयंत्रांतून आली. चुंबकांच्या मधोमध तोललेली धातूची पात हलते आणि तिच्याशी जोडलेला छोटा पडदा हवा ढकलतो. एका आर्मेचरकडून संपूर्ण ध्वनिपट्टा समर्थपणे हाताळून घेणे कठीण असल्याने खर्ज, मध्य आणि तार हे भाग वेगवेगळ्या आर्मेचरना वाटून दिले जातात. रचनेत इतके अंतर असलेले दोन मॉनिटर तुलनेसाठी फार चांगले, कारण त्यांच्या बाबतीत प्रत्येक पायरीवर वेगळी काळजी घ्यावी लागते.

पहिली पायरी: मॉनिटर कानात नीट बसवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. मॉनिटरची नळी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक बंद पोकळी तयार व्हावी लागते. टिपच्या कडेने हवा निसटली, तर खालचे स्वर ओसरतात आणि मॉनिटर पातळ, कोरडा व कर्कश वाटू लागतो. मग श्रोता लिहून मोकळा होतो, की याला बेसच नाही. खात्री करून घेण्यासाठी ४० हर्ट्झ कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा, अखंड सूर हळू आवाजात लावा आणि टिप बोटाने हलकेच आत दाबून पाहा. दाबल्यावर सूर ठळक होत असेल, तर टिप लहान आहे किंवा तिचा आकार तुमच्या कानाशी जुळत नाही. दोन्ही कानांच्या नलिका सारख्या नसतात, म्हणून डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागली तर त्यात काही वावगे नाही.

टिप किती खोल जाते, यावर वरच्या स्वरांचे चित्र ठरते. टिपचे तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामधली पोकळी दोन्ही टोकांना बंद असलेल्या नळीसारखी वागते आणि तिच्या लांबीनुसार ठरावीक कंप्रतेला आवाजात शिखर उभे राहते. उरलेली पोकळी २१ मिलिमीटर असेल तर ते शिखर सुमारे ८ हजार हर्ट्झला येते. टिप आणखी ४ मिलिमीटर आत गेली की ते सुमारे १० हजारांवर सरकते. गायिकेच्या उच्चारातल्या ‘स’ आणि ‘श’ यांची सळसळ साधारण याच परिसरात असते. त्यामुळे एकाच मॉनिटरला एक श्रोता टोचणारा म्हणतो, दुसरा मुलायम म्हणतो, आणि दोघेही खरेच सांगत असतात. नळीच्या लांबी-जाडीमुळे दोन मॉनिटर कानात सारख्या खोलीवर बसतीलच असे नाही. दोन्हींना एकच टिप लावण्याचा हट्ट न धरता, ज्या टिपने जो मॉनिटर घट्ट आणि सुखकर बसतो तीच त्याला लावा, आणि ती कोणती हे वहीत लिहा. फोमची टिप वरचे स्वर किंचित मऊ करते, सिलिकॉनची तसे करत नाही. एकाला फोम आणि दुसऱ्याला सिलिकॉन लावून काढलेला निष्कर्ष मुख्यतः टिपबद्दलचा असेल.

यू१२टीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. त्याच्या कवचात एपेक्स नावाचे लहान भाग बसवता येतात. ते कानातला हवेचा दाब मोकळा करतात. एम२० हा भाग बाहेरचा आवाज अधिक रोखतो आणि खर्ज भरीव ठेवतो, तर एम१५ लावल्यावर खर्ज थोडा उतरतो. म्हणजे एकाच मॉनिटरचे दोन स्वभाव आहेत, आणि आपण कोणता ऐकला हे नोंदवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. एका ठिकाणी ऐकायला ठेवलेला मॉनिटर मला उजवीकडे दबलेला वाटला आणि मी तो नापसंत ठरवला. पुढे काही महिन्यांनी तोच मॉनिटर एका स्नेह्याकडे ऐकला तेव्हा कळले, की पहिल्या नगाच्या नळीवरची जाळी मळाने बुजलेली असणार. तेव्हापासून मी आधी जाळी उजेडात धरून पाहतो, मग डावा-उजवा सारखा वाजतो का ते दोन्ही कानांना सारख्याच जाणाऱ्या (मोनो) सुराने तपासतो. सर्दी झालेली असताना किंवा गोंगाटातून प्रवास करून आल्यावर लगेच तुलनेला बसू नये, हेही त्याच अनुभवानंतर शिकलो.

दुसरी पायरी: ज्यातून ऐकता ते उपकरण तपासा

पुष्कळ ड्रायव्हर असलेल्या मॉनिटरचा इंपिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, सगळ्या कंप्रतांना सारखा नसतो. समजा, एखाद्या मॉनिटरचा इंपिडन्स एका कंप्रतेला ५ ओहम आणि दुसरीला ३० ओहम आहे. ज्याचा आउटपुट इंपिडन्स (उपकरणाचा स्वतःचा विरोध) १० ओहम आहे अशा अ‍ॅम्प्लिफायरला तो जोडला, तर त्या दोन कंप्रतांमध्ये सुमारे ७ डेसिबलचा फरक निव्वळ जोडणीमुळे पडतो. आउटपुट इंपिडन्स १ ओहम असेल, तर तोच फरक सुमारे १.३ डेसिबलवर येतो. सात डेसिबल म्हणजे मॉनिटरचा स्वभावच पालटला. म्हणून तुलनेसाठी १ ओहम किंवा त्याहून कमी आउटपुट इंपिडन्सचे एकच उपकरण निवडा आणि शेवटपर्यंत बदलू नका. आजकालचे स्वस्त पण नीट बनवलेले डोंगलसुद्धा (फोनला जोडायचे छोटे ध्वनिउपकरण) ही अट पूर्ण करतात. यू१२टीमध्ये इंपिडन्स शक्य तितका सपाट ठेवणारी रचना आहे, त्यामुळे तो या बाबतीत सहनशील आहे. सगळेच मॉनिटर तसे नसतात.

संवेदनशील मॉनिटरला शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर जोडला, की शांत जागी खरखर ऐकू येते. तो दोष त्या जोडीचा मानावा. ४.४ मिलिमीटरची बॅलन्स्ड जोडणी (दोन्ही कानांसाठी स्वतंत्र तारा असलेली) वापरणार असाल, तर दोन्ही मॉनिटर तिच्यातूनच ऐका. बहुतेक उपकरणांत तिच्यातून ३.५ मिलिमीटरच्या जोडणीपेक्षा सुमारे दुप्पट व्होल्टेज मिळते, म्हणजे आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि हा वाढलेला आवाजच पुष्कळदा गुणवत्ता म्हणून दाखवला जातो. फोनमधली किंवा प्लेअरमधली सर्व ध्वनिसुधारणा, इक्वलायझर (खर्ज, मध्य, तार कमी-जास्त करणारी सोय) आणि आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय बंद करा.

तिसरी पायरी: आवाजाची पातळी जुळवा

बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आपला कान सर्व कंप्रता सारख्या ऐकत नाही आणि ही असमानता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. आवाज वाढवला की खर्ज त्या मानाने जास्त वर येतो. तोच मॉनिटर मोठ्याने ऐकला की भरदार, हळू ऐकला की कृश वाटतो, त्याचे हे एक कारण आहे. शिवाय अर्ध्या-एक डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा’ म्हणून कळतच नाही. तो ‘अधिक मोकळा’, ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ अशा रूपाने कळतो. दोन मॉनिटरची संवेदनशीलता क्वचितच सारखी असते. आवाजाचा आकडा तोच ठेवून मॉनिटर बदलणारा श्रोता बहुधा मोठ्या वाजणाऱ्या मॉनिटरची निवड करतो आणि त्याला कारणे मात्र दुसरीच देतो.

ज्यांच्याकडे कानाच्या नलिकेसारखी पोकळी असलेला मापक आणि मायक्रोफोन आहे, त्यांनी त्यावर पातळी जुळवावी. नसेल, तर कानाने करता येते, फक्त घाई करू नये. साधारण ५०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला अखंड नॉइज (एकसारखी सळसळ) लावा, पहिला मॉनिटर ऐका, दुसरा ऐका, दुसऱ्याचा आवाज कमी-जास्त करून पुन्हा पहिल्याकडे या. पाच-सहा फेऱ्यांत अशी जागा सापडते, की जिच्या एक घर वर तो मोठा वाटतो आणि एक घर खाली लहान. तो आकडा लिहून ठेवा. एकाच कंप्रतेचा शुद्ध सूर यासाठी वापरू नका, कारण त्या कंप्रतेला एखाद्या मॉनिटरमध्ये खळगा असेल तर सगळे गणित चुकते.

पातळी मध्यम असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला ही वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला ती आठवड्याला ५ तासांवर येते. तुलना करताना उत्साहाच्या भरात आवाज नकळत वाढत जातो, म्हणून लिहिलेल्या आकड्याला चिकटून राहा.

चौथी पायरी: काय ऐकावे

परदेशी परीक्षकांच्या याद्यांतली गाणी घेऊन बसण्याची गरज नाही. जे संगीत तुम्ही प्रत्यक्ष समोर बसून ऐकले आहे, तेच तुमचे खरे माप. मराठी श्रोत्याजवळ या बाबतीत मोठी शिदोरी आहे आणि ती वापरली जात नाही, याची मला खंत वाटते.

तानपुऱ्यापासून सुरुवात करा. गवयाने काळी एक पट्टी धरली असेल, तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. पण तानपुऱ्याचा प्राण आहे जवारीत, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथून उठणाऱ्या झंकारात. जवारी नीट लागली की त्या एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. चांगल्या मॉनिटरवर ती उमलण्याची क्रिया प्रत्येक झंकारात ऐकू येते. मध्यभाग दबलेल्या मॉनिटरवर तानपुरा मागे उभ्या राहिलेल्या घोंघावण्यासारखा वाटतो, आणि वरचा भाग अवाजवी उचललेला असेल तर जवारी तारेच्या घर्षणासारखी झिणझिणते. गाणे सुरू होण्यापूर्वीचा नुसत्या तानपुऱ्याचा अर्धा मिनिट ही मला ठाऊक असलेली सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे.

त्यानंतर तबला. सामान्य चर्मवाद्यांचे उपस्वर मूळ स्वराशी मेळ खात नाहीत. तबल्याचे खातात, आणि ते शाईमुळे घडते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखवले होते. म्हणून तबल्याचा ‘ना’ नेमका सुरात ऐकू यायला हवा. तो नुसता टकटकणारा आघात होऊन राहिला, तर मॉनिटर आघातच पुढे आणतो आहे आणि स्वर गमावतो आहे. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून मनगटाने घेतलेली मींड ऐका. स्वर वर सरकताना तो सारख्या जोराने पुढे येतो का, की मध्येच फुगतो आणि मध्येच बसतो? फुगवटा ऐकू आला तर १०० ते २०० हर्ट्झच्या परिसरात उंचवटा आहे असे समजावे, आणि तोच उंचवटा पुरुष गायकाच्या खर्जावर चिखल चढवतो. पखवाजाच्या धुम्यावर कणीक लावलेली असते. तिचा गंभीर, खाली उतरत जाणारा नाद सर्वांत खालच्या पट्ट्यासाठी घ्या. डायनॅमिक ड्रायव्हर आणि आर्मेचर यांच्यातला फरक मला सर्वांत आधी इथेच कळतो. डायनॅमिकमध्ये नादाला शरीर असते आणि तो विरतानाही ऐकू येतो. आर्मेचरमध्ये तो अधिक आटोपशीर आणि काटेकोर असतो. कोणता बरा, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे, पण फरक ओळखता यायला हवा.

वरच्या पट्ट्यासाठी वारकरी भजनाचे चांगले ध्वनिमुद्रण शोधा. वीस-पंचवीस टाळ एकत्र वाजत असताना ते एका पांढऱ्या सळसळीत विरघळतात, की एकेका टाळाचा काठ वेगळा राहतो, एवढेच ऐका. त्याच वेळी मागचा अभंग शब्दांनिशी कळतो का, याकडेही लक्ष द्या. स्त्री-आवाजासाठी तार षड्जावर ठेहराव असलेली जागा घ्या. कानाच्या नैसर्गिक अनुनादामुळे ३ हजार हर्ट्झच्या आसपास मॉनिटरमध्ये उंचवटा ठेवावाच लागतो. तो कमी पडला तर आवाज पडद्याआडून येतो आणि जास्त झाला तर तार षड्ज ओरडल्यासारखा होतो.

‘विस्तार’ किंवा मंचाचा भास यावर सुरुवातीला फार वेळ घालवू नका. बाहेरून येणारा ध्वनी कानाच्या पाळीवरून वळून आत जातो आणि दिशेचे भान पुष्कळसे त्यातून येते. कानातल्या मॉनिटरमध्ये तो मार्गच टळतो. जो विस्तार जाणवतो, तो बऱ्याच अंशी वरच्या आणि मधल्या स्वरांच्या तोलातून येतो. ‘तपशील’ या शब्दाबाबतही सावध राहा: वरचे स्वर २-३ डेसिबल वाढवले की कोणताही मॉनिटर पहिल्या पाच मिनिटांत तपशीलवार वाटतो.

पाचवी पायरी: अदलाबदल

ध्वनीची सूक्ष्म स्मृती फार थोडा वेळ टिकते आणि मॉनिटर काढून दुसरा नीट बसवायला अर्धा मिनिट सहज जातो. म्हणून संपूर्ण गाणे ऐकून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. पंधरा-वीस सेकंदांचा एकच तुकडा आणि एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, ‘घे’ची मींड सम राहते का. पहिला ऐका, उत्तर लिहा, दुसरा ऐका, लिहा, आणि पुन्हा पहिला ऐका. तिसऱ्या वेळी पहिले उत्तर टिकले नाही, तर तो फरक खोडून टाका. क्रमही उलटा करून पाहा, कारण मेंदू जे ऐकतो त्याची त्याला लवकरच सवय होते. तेजस्वी मॉनिटरनंतर ऐकलेला संतुलित मॉनिटर निस्तेज वाटतो, आणि दहा मिनिटांनी तोच योग्य वाटू लागतो.

न पाहता ऐकण्याची परीक्षा केबल किंवा डॅक (डिजिटल ध्वनीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) यांच्यासाठी मात्र जरूर घ्या. मित्राने नाणे उडवून जोडणी बदलावी आणि तुम्ही सोळा वेळा ओळखावे; त्यातील बारा किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. मॉनिटरच्या बाबतीत कानाला आकारच ओळखू येतो, त्यामुळे तिथे ही पद्धत चालत नाही.

सहावी पायरी: आलेख आणि इक्वलायझर

कोणत्या कंप्रतेला मॉनिटर किती मोठा वाजतो हे दाखवणारे आलेख पहिल्या ऐकण्यानंतरच पाहा, नाहीतर डोळ्यांना जे दिसले तेच कानांना ऐकू येते. मॉनिटरचे बहुतेक आलेख आयईसी ६०३१८-४ या प्रमाणाच्या कृत्रिम कानावर काढलेले असतात. जुन्या क्रमांकावरून त्याला लोक ७११ म्हणतात. त्यावर ८ हजार हर्ट्झजवळ दिसणारे शिखर पुष्कळदा मापन करताना मॉनिटर किती खोल बसवला यातून आलेले असते, आणि त्याच्या वरचा भाग तर फार सावधपणे वाचावा. ब्रुएल अँड केअर या कंपनीच्या ५१२८ या नव्या कृत्रिम कानावरचे आलेख वेगळे दिसतात, म्हणून एकाच यंत्रावरचे दोन आलेखच शेजारी ठेवावेत. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेली लक्ष्यरेषा (आवाज कसा असावा हे दाखवणारा आलेख) तुलनेसाठी उपयोगी आहे; तिच्यापासून दूर गेलेला मॉनिटर वाईटच, असे मात्र मानू नये.

आता या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कृती. दोन आलेखांत जिथे मोठे फरक दिसतात, तिथे पॅरामेट्रिक इक्वलायझरने (ज्यात हवी ती कंप्रता निवडून तेवढाच भाग कमी-जास्त करता येतो) एका मॉनिटरला दुसऱ्याच्या जवळ आणा. समजा, तुमच्याकडे पाच हजारांचा चांगला मॉनिटर आहे आणि दीड लाखाचा तुम्ही ऐकायला आणला आहे. पाच हजारांच्या मॉनिटरचा ३ हजार हर्ट्झचा उंचवटा ३ डेसिबलने उतरवला, खर्ज २ डेसिबलने वाढवला, पातळी पुन्हा जुळवली आणि चौथ्या पायरीतले तुकडे पुन्हा ऐकले. तानपुऱ्याची जवारी आता दोन्हींवर सारखीच उमलत असेल, तर तो फरक निव्वळ स्वरतोलाचा होता आणि तो फुकट मिळाला. तरीही टाळ एकावर वेगळे राहत असतील आणि दुसऱ्यावर विरघळत असतील, डग्ग्याचा नाद एकावर अखेरपर्यंत ऐकू येत असेल आणि दुसऱ्यावर तुटत असेल, तर हा उरलेला फरक वहीत वेगळ्या पानावर लिहा. जास्तीचे पैसे त्या पानासाठी मोजायचे आहेत.

सातवी पायरी: आठवडाभर सोबत ठेवा

शक्य असेल तर मॉनिटर काही दिवसांसाठी घरी आणा आणि तुलना थांबवून नुसते ऐका. दीड तासाच्या मैफिलीनंतर कान थकतो का, कवच कुठे टोचते का, चालताना केबलचा आवाज येतो का, हे पंधरा सेकंदांच्या तुकड्यांतून कधीच कळत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात मॉनिटर सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावा आणि ऐकून झाल्यावर नळी कोरड्या कापडाने पुसावी. आठवड्याच्या शेवटी वही न उघडता तीच तुलना एकदा नव्याने करा, मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवा आणि ज्या ओळी दोन्हीकडे सारख्या आल्या आहेत तेवढ्याच धरून किंमत विचारायला जा.